काउंटरमागचा दांते : ‘क्लर्क्स’ पुन्हा पाहताना

एखादी कलाकृती आपण नाकारतो, तेव्हा दर वेळी दोष त्या कलाकृतीचाच असतो असे नाही. पुष्कळदा आपण ती शेवटपर्यंत ऐकून घेतलेली नसते. माझ्या हातून असा अपराध एका चित्रपटाच्या बाबतीत घडला. त्याची कबुली या लेखाच्या आरंभीच दिलेली बरी.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, दीक्षा होऊन मला फार दिवस झाले नव्हते, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने मला एक व्हिडिओ कॅसेट आणून दिली. पदवी घेऊन दोन वर्षे झालेली, नोकरी नाही म्हणून तो एका औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा राहत असे. चित्रपट अमेरिकन होता, नाव ‘क्लर्क्स’. मी तो वीसेक मिनिटे पाहिला. तोंडाला येईल ते बोलणारी दोन रिकामटेकडी पोरे आणि त्यांची अर्वाच्य भाषा! मी यंत्र बंद केले आणि दुसऱ्या दिवशी कॅसेट परत करताना त्याला एक छोटेखानी प्रवचन दिले. “असल्या आळशी पोरांचं काय घेऊन बसलास?” त्याने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाला, “फादर, तो माझाच काउंटर आहे.” त्यानंतर चित्रपटच काय, दुसऱ्याही कुठल्या विषयावर तो माझ्याशी मोकळेपणाने बोलला नाही.

२०२२ साली या चित्रपटाचा तिसरा भाग आला. त्या निमित्ताने मी पहिला ‘क्लर्क्स’ अथपासून इतिपर्यंत पाहिला, आणि नंतर आणखी दोनदा. ही समीक्षा त्या पुनर्भेटीची आहे.

प्रथम हकीकत. केव्हिन स्मिथ हा दिग्दर्शक न्यू जर्सी राज्यातला, कॅथलिक घरात वाढलेला, जन्म १९७० चा. म्हणजे माझ्याच पिढीचा. लिओनार्डो नावाच्या लहानशा गावात ‘क्विक स्टॉप’ नावाचे दूध, सिगारेट, वर्तमानपत्रे असे सटरफटर विकणारे एक दुकान आहे. तिथे तो विक्रेता होता. १९९१ साली रिचर्ड लिंकलेटर यांचा ‘स्लॅकर’ हा चित्रपट पाहून त्याच्या मनाने घेतले की, फारसे काहीच न करणाऱ्या माणसांच्या बोलण्यातूनही चित्रपट होऊ शकतो. चित्रपटशिक्षण घ्यायला तो कॅनडातील व्हँकुव्हरला गेला, चार महिन्यांत परत आला आणि पुन्हा त्याच काउंटरमागे उभा राहिला. मग आपला कॉमिक पुस्तकांचा संग्रह विकून आणि क्रेडिट कार्डांवर कर्ज काढून त्याने २७,५७५ डॉलर उभे केले. १९९३ मध्ये त्याच दुकानात, दुकान बंद झाल्यावर, रात्री-रात्री जागून कृष्णधवल चित्रीकरण केले. दिवसा तो तिथेच माल विकत होता.

१९९४ साली सनडान्स महोत्सवात चित्रपट गौरवला गेला, पाठोपाठ कान येथेही पारितोषिके मिळाली. पडद्यावर नग्नता नाही, हिंसा जवळजवळ नाही. तरीही अमेरिकेच्या परीक्षण मंडळाने निव्वळ भाषेसाठी त्याला अल्पवयीनांना पूर्ण मज्जाव करणारे प्रमाणपत्र दिले होते. अपील झाले आणि एकही वाक्य न कापता ते प्रमाणपत्र सौम्य करण्यात आले. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. चित्रपटगृहांतला त्याचा पहिला प्रेक्षक मोठा नव्हता. कॅसेटवरून आणि मित्रामित्रांतून तो पसरत गेला. मला आलेली कॅसेट हा त्याच ओघातला एक थेंब होता.

कथानक म्हणावे असे फारसे नाही. दांते हिक्स हा बावीस वर्षांचा तरुण. सुटीच्या दिवशी सकाळी मालकाचा फोन येतो : दुसरा नोकर आजारी आहे, तू दुकान उघड, मी बारापर्यंत येतो. दांते कुरकुरत येतो. शटरच्या कुलपांत कुणीतरी च्युइंगम कोंबून ठेवले आहे, त्यामुळे शटर उघडत नाहीत. मग एका चादरीवर बुटाच्या पॉलिशने ‘दुकान उघडे आहे’ अशी ग्वाही लिहून तो ती बाहेर टांगतो. बारा वाजतात, मालक येत नाही. तो परगावी निघून गेला आहे असे पुढे कळते. शेजारच्या व्हिडिओ लायब्ररीत काम करणारा मित्र रँडल स्वतःचे दुकान वाऱ्यावर सोडून दांतेकडे गप्पा मारायला येतो. व्हेरोनिका ही दांतेची आताची मैत्रीण घरून जेवणाचा डबा आणते. दांतेचे मन मात्र केटलिन या जुन्या मैत्रिणीत अडकलेले आहे आणि तिच्या साखरपुड्याची बातमी त्याने वर्तमानपत्रात वाचली आहे. गिऱ्हाइके येतात-जातात. रात्री दुकान बंद होते. आपण आज इथे असायलाच नको होतो, हे दांतेचे पालुपद दिवसभर चालू राहते.

मांडणी पाहावी तर जवळपास नाटकाची. कॅमेरा बहुधा एका जागी खिळलेला; समोर काउंटर आणि त्यामागे दोन माणसे. अभिनय पुष्कळ ठिकाणी पाठांतर म्हटल्यासारखा वाटतो आणि काही प्रसंग हौशी रंगभूमीची आठवण करून देतात. हे दारिद्र्य चित्रपटाने लपवलेले नाही. परंतु ब्रायन ओ’हॅलोरन यांचा दांते आणि जेफ अँडरसन यांचा रँडल यांच्या बोलण्याला जी लय आहे, ती मोठ्या भांडवलाच्या चित्रपटांतही क्वचित सापडते. एक सतत सबबी सांगतो, दुसरा त्या सबबींना सुरुंग लावतो. प्रसंगांना शीर्षके दिली आहेत, तीही शब्दकोशातून वेचलेल्या भारदस्त शब्दांची. गटारातली भाषा आणि पंडिती शब्द यांचा हा शेजार हाच मुळात एक विनोद आहे. शब्दसंपदा आहे, बुद्धी आहे, तर्क आहे; ते सारे खर्च होते आहे सिगारेटच्या पाकिटांमागे.

एक प्रसंग तर असा की, सेमिनरीत नैतिक ईशज्ञान शिकलेल्या माणसाला बसल्या जागी हसू फुटावे. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील १९८३ च्या चित्रपटात खलनायकांचा एक महाकाय अवकाशतळ बांधकाम चालू असतानाच उद्ध्वस्त होतो. रँडल विचारतो : त्यावर काम करणाऱ्या कंत्राटदारांचे, नळकाम आणि छपराचे काम करणाऱ्यांचे काय? त्यांचा काय अपराध? तेवढ्यात छपराची कामे करणारा एक गिऱ्हाईक मध्ये पडतो. एका गुंडाच्या घराचे काम आपण पैसे चांगले मिळत असूनही नाकारले, ते ज्या मित्राने घेतले तो तिथे गोळीला बळी पडला, असे तो सांगतो. काम घेताना खिशाचे नव्हे, मनाचे ऐकावे, असा त्याचा निष्कर्ष. वाचकहो, दुसऱ्याच्या दुष्कृत्याला आपला हात कितपत लागला तर आपण दोषी, हा प्रश्न संत आल्फोन्सस लिगोरी यांच्यापासून आमच्या पाठ्यपुस्तकांत चर्चिलेला आहे. तो इथे दुधाच्या बाटल्या आणि वर्तमानपत्रे यांच्यामध्ये उभा राहून एक कारागीर सोडवतो, आणि बरोबर सोडवतो. वीस मिनिटांत यंत्र बंद करणाऱ्याला हे कुठून दिसणार?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ‘आळशी तरुणांचा चित्रपट’ असे याचे वर्णन सर्रास होते. मीही तेच केले होते. ते चूक आहे. दांते क्षणभरही स्वस्थ नाही. तो शटरशी झटतो, चादर रंगवतो, गिऱ्हाइकांची मने राखतो, मैत्रिणीची समजूत काढतो, एका परिचितेच्या अंत्यदर्शनाला जाऊन येतो, गच्चीवर हॉकीचा सामनासुद्धा भरवतो. लहान मुलीला सिगारेट विकण्याचा बेजबाबदारपणा रँडल करतो आणि पाचशे डॉलरचा दंड दांतेच्या माथी बसतो. एवढे करून दिवसाच्या अखेरीस त्याने एकच गोष्ट केलेली नसते : निर्णय. कोणत्या मुलीवर आपले प्रेम आहे, शिक्षण पुढे न्यायचे की नाही, हे दुकान आपले मानायचे की सोडायचे, यांतले काहीही तो ठरवत नाही. त्याची सारी धावपळ आणि सारी बडबड निर्णयापासून पळण्यासाठी आहे.

या अवस्थेला प्राचीन ख्रिस्ती परंपरेत एक नाव होते. इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इवाग्रियस या मठवासीयाने चौथ्या शतकात तिचे वर्णन करून ठेवले आहे. ग्रीक शब्द ‘अकेदिया’; मूळ अर्थ, आस्था नसणे. मध्यान्हीचा हा सैतान मठवासीयाला छळतो. सूर्य जागचा हलतच नाही असे भासवतो, पुनःपुन्हा खिडकीकडे पाहायला लावतो, राहत्या जागेचा आणि हातच्या कामाचा वीट आणतो, बांधवांत प्रेम उरले नाही असे मनात भरवतो, जुन्या आयुष्याची आठवण काढून झुरवतो. आपल्याकडे भर बाराला अमक्या झाडाखालून जाऊ नये म्हणतात, त्या जातीचाच हा बारा वाजताचा वेताळ. पुढे पश्चिमेत सात प्रमुख पापांच्या यादीत त्याचा ‘आळस’ होऊन बसला आणि मूळ अर्थ झिजला. मग आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना ‘सकाळी लवकर उठा’ एवढाच त्याचा अर्थ सांगू लागलो.

हे वर्णन दांते हिक्सला लावून पाहावे. मालक बाराला येणार म्हणून त्याचा डोळा घड्याळावर. जागेचा वीट, गिऱ्हाइकांचा तिटकारा, जुन्या मैत्रिणीची ओढ. मठवासीयाला निदान खिडकी होती. दांतेच्या दुकानाला ती नाही. चित्रीकरण रात्री चाले, बाहेरचा अंधार पडद्यावर दिसू नये म्हणून शटर बंद ठेवणे भाग होते, आणि त्यासाठी कुलपातल्या च्युइंगमची युक्ती कथेत घातली गेली. पैशांच्या अडचणीतून निघालेली ही तडजोड चित्रपटाची सर्वांत अर्थपूर्ण प्रतिमा ठरली आहे. बाहेर फलक सांगतो दुकान उघडे आहे, आणि आत सूर्याचा किरण नाही. असा तरुण कोणत्या गावात नाही?

संत थॉमस अक्वायनस यांनी या पापाविषयी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. ‘अकेदिया’ ही शब्बाथ पवित्र पाळण्याच्या आज्ञेविरुद्ध जाते, असे ते म्हणतात; कारण ती आज्ञा मनाला परमेश्वराच्या ठायी विसावा घ्यायला सांगते आणि या व्याधीचे मन विसावूच शकत नाही. दांतेची सारी कथा त्याच्या सुटीच्या दिवशी घडते, हे इथे ध्यानात घ्यावे. सुटी मालकाने हिरावून घेतली अशी त्याची तक्रार आहे. पण सुटी असती तरी तिचे काय करावे हे त्याला ठाऊक होते का? गच्चीवरच्या सामन्यात पाहा. बाराच मिनिटांत चेंडू खाली जाऊन हरवतो, दुसरा चेंडू कुणी आणलेला नसतो, आणि खेळ संपतो. नायकाचे नावही विचार करायला लावते. महाकवी दांते यांच्या शोधनस्थानाच्या डोंगरावर चौथ्या कड्यावर याच पापाचे आत्मे अविश्रांत धावत असतात. आमचा दांते मात्र जिवंतपणीच काउंटरमागच्या चार हात जागेत धावतो आहे.

गिऱ्हाइकांच्या चित्रणातही हेच सूत्र आहे. एक गृहस्थ निर्दोष डझन मिळावे म्हणून अंड्यांची खोकी धुंडाळत जमिनीवर बसला आहे. लोकांना जीवनमार्ग दाखवणारा समुपदेशक तो, अर्थशून्य नोकरीने त्याचे असे झाले, असे एक बाई सांगते. एक जण सिगारेटविरुद्ध तळमळीने भाषण देऊन गर्दी भडकावतो. तो च्युइंगम कंपनीचा विक्रेता निघतो. बोलतात सगळे, ऐकत कुणीच नाही. दुकानात दिवसभर शब्दांचा पाऊस पडतो आणि सारी माती कोरडी राहते.

आता दोषांविषयी. भाषेचा प्रश्न मी गौण मानणार नाही. कुटुंबाने एकत्र बसून पाहावा असा हा चित्रपट नव्हे आणि मुलांनी तर मुळीच पाहू नये. परंतु माझा खरा आक्षेप भाषेवर नाही, दोन प्रसंगांवर आहे. दुकानाच्या शौचालयात एक वृद्ध मरण पावतो आणि त्या मृतदेहाभोवती केटलिनला गुंतवून एक असा विनोद रचला आहे की त्याचे वर्णन इथे करणे उचित नाही. त्या धक्क्याने केटलिनचे भान हरपते, तिला रुग्णवाहिकेतून नेतात, आणि चित्रपट तिला विसरून जातो. तिचे काय झाले हे विचारावे असे लेखकाला वाटत नाही. अंत्यदर्शनाच्या वेळी रँडलच्या हातून शवपेटी कलंडते, हाही हास्याचाच विषय. अनेकांना अखेरचा निरोप देण्याचे काम ज्याच्याकडे आहे, त्याला हे खुपणारच. पण हा केवळ धर्मगुरूचा हळवेपणा नाही. दांते-रँडलच्या क्षुल्लक दुःखांना हा चित्रपट कमालीच्या आस्थेने पाहतो, आणि तीच आस्था एका स्त्रीला व एका वृद्धाला नाकारतो. आस्थेचा अभाव हाच ज्याचा विषय, त्या कलाकृतीला नेमक्या याच ठिकाणी तो रोग जडलेला आहे.

तरीही शेवटाकडे हा चित्रपट स्वतःला सावरतो. दुकानाबाहेर दिवसभर दोन टवाळ मुले उभी असतात. जे अखंड बडबडतो. त्याचा सोबती सायलेंट बॉब, म्हणजे खुद्द केव्हिन स्मिथ, चकार शब्द काढत नाही. अखेरीस तो एकदाच तोंड उघडतो. जगात सुंदर मुली पुष्कळ असतील, पण कामावर तुझ्यासाठी डबा घेऊन येणारी त्यांत क्वचितच भेटेल, असा त्याच्या बोलण्याचा आशय. दांतेला तेव्हा उमगते की आपले प्रेम व्हेरोनिकावर आहे. तोवर उशीर झालेला असतो. दिवसभर जो ऐकत होता, त्यालाच बोलण्यासारखे काही सापडले, हे मला या संवादप्रधान चित्रपटाचे मर्म वाटते.

दुसरा फटका रँडलचा. दोघांची हातघाई होते, दुकानाची नासधूस होते, आणि मग रँडल त्याला सुनावतो : तू इथे आलास तो स्वतःच्या पायांनी. तुझ्यावाचून हे दुकान कोसळेल असे तुला वाटते, पण आपले काम माकडालाही जमेल. गिऱ्हाइकांना आपण हसतो, जणू आपण त्यांच्यापेक्षा फार पुढे गेलेलो. मग इतके पुढारलेलो आहोत तर इथे काय करतो आहोत? या भाषणाचा अर्थ ‘नोकरी सोड’ असा अनेक जण घेतात. मला तो तसा दिसत नाही. रँडल स्वतः कुठेच जाणार नाही. तो एवढेच सांगतो की राहायचे तर राहा, पण कुणीतरी आपल्याला इथे डांबून ठेवले आहे, असे सोंग आणू नकोस. इवाग्रियसचा उपायही नेमका हाच होता : खोली सोडून पळू नकोस, तिथेच टिकून राहा. जागा बदलल्याने हा वेताळ मानगुटीवरून उतरत नाही.

मूळ संहितेत शेवटी एक दरोडेखोर येऊन दांतेला गोळी घालतो असे होते आणि तसे चित्रीकरणही झाले होते. जाणकारांच्या सल्ल्याने ते काढले. हा सल्ला फार मोलाचा ठरला. मृत्यू ही दांतेची सर्वांत सोयीची सबब झाली असती. उद्या पुन्हा शटर उघडायचे आहे, ही शिक्षा अधिक न्याय्य, आणि आशाही तिच्यातच. २००६ च्या दुसऱ्या भागात दोघे मित्र तेच दुकान विकत घेतात. काउंटर तोच, पण आता तो निवडलेला. २०१८ साली स्मिथ यांना हृदयविकाराचा मोठा झटका आला. त्यातून वाचल्यावर केलेल्या तिसऱ्या भागात रँडलला तसाच झटका येतो, तो बरा होऊन आपल्या दुकानावरच चित्रपट काढतो, आणि या वेळी दांते खरोखरच मरण पावतो. तिशीच्या आत वगळलेला मृत्यू पन्नाशी ओलांडलेल्या दिग्दर्शकाने स्वीकारला, तो सबब म्हणून नव्हे. कला म्हणून हा भाग पहिल्याच्या तोडीचा नाही. परंतु एकाच माणसाने, एकाच दुकानाकडे, अठ्ठावीस वर्षे पाहत राहणे यालाही एक प्रकारची निष्ठा म्हणावे लागेल.

इथेच माझ्या मते ‘क्लर्क्स’चे सार आहे. पडद्यावरचा दांते म्हणतो, या दुकानाने माझे आयुष्य गिळले. त्याच दुकानात, त्याच काउंटरमागे, दिवसाची पाळी संपवून आलेला एक बावीस वर्षांचा विक्रेता रात्रभर जागून त्या गिळलेल्या आयुष्याचा चित्रपट करत होता. परिस्थिती दोघांची तंतोतंत एक. एकाने आस्था सोडली होती, दुसऱ्याने तिथेच आस्था धरली. आळशी पोरांचा म्हणून मी जो चित्रपट बंद केला, त्याची प्रत्येक चौकट कुणाच्या तरी झोपेच्या मोलाने उभी राहिली होती.

आई-वडिलांपैकी अनेकांची मुले आज कुठल्या ना कुठल्या काउंटरमागे उभी असतील. त्यांना ‘काहीतरी कर’ म्हणणे सोपे आहे. ती करतच असतात, दांतेसारखी, दमेपर्यंत. त्यांना विचारायला हवे ते वेगळे काहीतरी, आणि विचारून झाल्यावर गप्प राहायला हवे. बोलणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या आम्हां धर्मगुरूंना हे अधिकच कठीण जाते. तो तरुण मला कॅसेट देत होता तेव्हा त्याला चित्रपटावर माझे मत नको होते. आपला काउंटर मी एकदा आतून पाहावा एवढेच त्याला हवे होते. नव्वद मिनिटांचे काम होते. मी त्याला वीस दिली.